गिफ्ट व्हाउचरची मुदत संपली? दुकानात भांडायला जाण्याआधी या चुका टाळा

वहिनीच्या वाढदिवसाला मी आणि धाकट्या बहिणीने मिळून एका पार्लरचं अडीच हजारांचं गिफ्ट व्हाउचर दिलं होतं. वहिनीने ते जपून ठेवलं. म्हणजे पैठणीच्या घडीत. लग्नसराईत पैठणी बाहेर निघाली तेव्हा व्हाउचरही निघालं, पण तोवर मुदत संपून पाच आठवडे झाले होते. पुढे मी जे जे चुकीचं केलं, ते इथे लिहिते.

ऐन गर्दीत जाणं

मी गेले शनिवारी संध्याकाळी. चार बायका नंबर लावून बसल्या होत्या. मालकीणबाई थ्रेडिंग करत होत्या, दोऱ्याचं टोक दातांत. तसंच तोंड न उघडता त्यांनी बोटाने कागदावरची तारीख दाखवली. माझा आवाज चढला. आता विचार करते, चारचौघींसमोर त्यांनी मला सूट दिली असती, तर उद्यापासून जो तो जुने कागद घेऊन आला असता. नाही म्हणण्यावाचून त्यांना मी जागाच ठेवली नव्हती. मंगळवारी दुपारी जा. त्या दिवशी केस न कापणारे बरेच असतात, पार्लरवाल्यांना जरा उसंत असते.

व्हॉट्सअॅपवरचा कायदा तोंडावर फेकणं

‘रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मुदत किमान एक वर्षाची हवी,’ हे मी ठासून सांगितलं. नियम खरा आहे, पण तो इथे लागूच नाही. बँका आणि परवानाधारक कंपन्या जी प्रीपेड कार्डं काढतात, त्यांच्यासाठी तो आहे. त्यांच्या गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये आणि मुदत किमान वर्षभराची. ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सावधही करावं लागतं. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःकडेच चालणारं व्हाउचर दिलं, तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि हे नियमही लागत नाहीत. मालकीणबाईंना हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

उलट दुकानदार ‘आम्ही यावर जीएसटी भरलाय, आता काही करता येत नाही’ म्हणाला, तर तेही पटकन मान्य करू नका. न वापरता मुदत संपलेल्या व्हाउचरच्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

कागद नीट न वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. तारीख छापलेली आहे की पेनने लिहिलेली? ‘सहा महिने’ एवढंच असेल, तर ते कधीपासून मोजायचे? तारखेची जागा कोरीच असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम. मागची बारीक अक्षरातली अट विकताना कुणी सांगितली होती का, हेही आठवून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून मिळाल्या दिवशीच फोटो काढावा. आमच्याकडे बिल नव्हतंच. बहिणीच्या फोनमधली यूपीआयची नोंद तेवढी कामी आली.

मुदत चालू असतानाच तुम्ही वेळ मागितली होती आणि ‘या महिन्यात जागा नाही, पुढे बघू’ असं उत्तर आलं होतं, तर प्रकरणच वेगळं. तो मेसेज शोधा. मग प्रश्न मुदतीचा राहत नाही, सेवा न दिल्याचा होतो.

‘पैसे तुम्ही कुठे दिलेत?’ या प्रश्नाला गप्प बसणं

वहिनीला हे ऐकावं लागलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहकच ठरते. तरी विकत घेणारीला सोबत न्या. वाद निम्म्यावर येतो.

रोख परत मागणं

छोट्या धंद्यात ते अडीच हजार कधीच क्रीममध्ये नाहीतर भाड्यात गेलेले असतात. परतावा मागितला की माणूस बिथरतो. ‘पंधरा दिवस वाढवून द्या, दर वाढले असतील तर फरक देते’ म्हटलं की बोलणं सुरू होतं. गुगलवर एक तारा देण्याची धमकी पहिल्याच दिवशी तर नकोच. हातातला हुकमाचा पत्ता आधीच उतरवला तर पुढे खेळणार काय?

आणि तरीही नकारच आला तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. मात्र ‘ही अटच अन्यायकारक आहे’ असा मुद्दा असेल तर तो जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावा लागतो. मुदत खरंच आपल्याच विसराळूपणाने गेली असेल, तर अडीच हजारांसाठी मी तरी तारखा घेत बसणार नाही.

आम्ही तिघी मंगळवारी परत गेलो. आधी मी शनिवारच्या आवाजाबद्दल माफी मागितली. मालकीणबाईंनी तीन आठवडे वाढवून दिले, वाढीव दराचे तीनशे रुपये घेतले, आणि व्हाउचरच्या मागे पेनने नवी तारीख टाकून सही केली. बहिणीने त्याचा फोटो तिथेच, काउंटरवर ठेवून काढला.