पोराची मेमरी घरच्या घरी कशी मोजायची

लातूरला ट्युशन लावली तरी "ह्याच्या ध्यानातच काही राहत नाही" असं घरोघरी म्हणायलेत. पण मानसशास्त्रवाले आधी बघतात की विचारलं कसं. वही, पेन आणि मोबाईलचं घड्याळ, एवढ्यावर तुम्हालाही जमतंय.

आधी आकडे. चार आकडे सेकंदाला एक असे वाचा, मोबाईल नंबरसारखे जोड्या करून नको, लई सोपं होतंय. पोरानं त्याच क्रमानं म्हणायचे, जमलं की एक वाढवा. मोठी माणसं साधारण सातच्या आसपास अडकतात, १९५६ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा शोधनिबंध त्याच्यावरच होता. लहान लेकरं अजून आधी अडकतात, घाबरू नका.

मग पंधरा शब्द, एकमेकाशी संबंध नसलेले: ढग, चावी, पितळ, मामा असले. तूर, कापूस, सोयाबीन एकत्र टाकले की एकामागं दुसरा आपोआप येतो आन मोजणी बिघडते. आठवतील तसे लिहू द्या. पहिले आणि शेवटचे निघतात, मधले गळतात. आता दुसरी यादी वाचा आणि लगेच अर्धा मिनिट १९७ पासून तीन-तीन कमी करत मोठ्यानं मोजायला लावा, मग लिहू द्या. शेवटचे शब्द आता गळतात, सुरुवातीचे बऱ्यापैकी टिकतात.

जे आठवले नाहीत ते नव्या शब्दांत मिसळून "हा होता का?" विचारा. बरेच ओळखू येतील. नव्या शब्दाला चुकून किती वेळा "हो" म्हणलं तेही लिहा, नाहीतर सगळ्यालाच हो म्हणणारं पोरगं हुशार ठरतंय.

माझ्या मते खरी चाचणी पुढची आहे, जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसनं १८८५ साली छापलेली. तो स्वतःवरच प्रयोग करायचा, बिनअर्थाची अक्षरं पाठ करून. यादी पाठ व्हायला किती वेळा वाचावी लागली ते लिहून ठेवा, आठवड्यानं परत पाठ करायला लावा, पोरगं "काहीच आठवत नाही" म्हणलं तरी. आधी १० वेळा लागलं, आता ६ वेळा, म्हणजे ४० टक्के मेहनत वाचली, तेवढं डोक्यात होतंच! एबिंगहाउसचं स्वतःचं तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं होतं, पण एका महिन्यानंतरही साधारण पाचवा हिस्सा मेहनत वाचत होती.

फक्त मधल्या आठवड्यात ती यादी पोराच्या हाती लागू देऊ नका, एकदा जरी चाळली तरी आकडा फुगतो.