घाटातली मळमळ आणि हातावरची ‘आतली वेस’

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना वळणं लागली की एस्टीत कुणाला तरी ओकारी येतेच. अशा मळमळीवर चिनी ॲक्युपंक्चरमध्ये (अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर सुई टोचण्याच्या उपचारात) हाताच्या आतल्या बाजूचा ‘नेइगुआन’ बिंदू वापरतात. नावाचा अर्थ साधारण ‘आतली वेस’. चिनी वैद्यक अंगात ऊर्जेच्या वाटा मानतं, त्यांतल्या पेरिकार्डियम (हृदयावरचं आवरण) नावाच्या वाहिनीवरचा हा सहावा बिंदू. मळमळ, उचकी, धडधड, छातीतला दडपा आणि झोप न लागणं यांसाठी तो परंपरेने सांगितला आहे. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याच्या बऱ्याच चाचण्या झाल्या असून तिथे उपयोग दिसला आहे. बाकीच्या तक्रारींबाबत इतकं ठामपणे बोलता येत नाही.

तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका चिकटवून आडवी ठेवा, अनामिका घडीला लागून. तर्जनीच्या कोपराकडच्या कडेशी, दोन कंडरांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांच्या) मधल्या खोबणीत बिंदू असतो. बोटं ज्याचा हात त्याचीच हवीत. लेकराच्या हातावर आईने स्वतःची बोटं ठेवली की जागा फार वर जाते. खात्री करायची तर कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत दोरा मोजा, तो अर्धा दुमडा आणि मग त्याचे तीन पदर करा. त्यातल्या एका पदराच्या लांबीएवढं अंतर मनगटाच्या घडीपासून कोपराकडे.

कंडरा दिसत नसतील तर अंगठा करंगळीला टेकवून मनगट थोडं वाकवा. काहींच्या हातात एकच उठून दिसते, दुसरी जन्मतःच नसते. अशा वेळी त्या कंडरेच्या करंगळीकडच्या बाजूला दाबा.

अंगठ्याने दोन-तीन मिनिटं हळूहळू गोल फिरवत दाबा, मग दुसरा हात. जागा बोथट दुखली पाहिजे. बोटांत झिणझिण्या आल्या तर दाब लगेच कमी करा, कारण खाली मिडियन नस (हाताचा एक मज्जातंतू) आहे. म्हणूनच सुई घरी कधीच टोचू नये. लांबच्या प्रवासाला तुरीचा दाणा कापडी पट्टीने बिंदूवर बांधता येतो, पण बसमध्ये चढण्याआधीच. ओकारी सुरू झाल्यावर फायदा कमी. बोटं गार किंवा निळसर पडली तर पट्टी सोडा.

छातीत दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर बिंदू दाबत बसू नका, १०८ ला फोन करा.

पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करून आलेल्याला मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांपुढे धूसर असं झालं तर ती विषबाधा समजा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात यानेच माणसं दगावली. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि तडक दवाखान्यात न्या. औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घ्या, उपचार त्यावरून ठरतात.