लँकेअर ३६० या छोट्या दोन-सीटर विमानाचा गिअर (म्हणजे चाकं वर-खाली करणारा) पंप उडताना सारखा चालू होतोय?

या विमानात चाकं वर धरायला लॉक नसतो, फक्त हायड्रॉलिक प्रेशर असतं, म्हणून पंप दर दोन-चार मिनिटांनी घर्र करत असेल तर प्रेशर कुठंतरी गळतंय. आधी विमान जॅकवर घ्या, त्याशिवाय गिअरच्या स्विचला हातच लावू नका. फिटिंगखाली पांढरा टिश्यू फिरवा, लाल डाग आला की गळती सापडली. कोरडाच राहिला तर गळती आतल्या आत, सिलेंडरच्या ओ-रिंगमधून (रबरी सीलमधून) नाहीतर डंप व्हॉल्व्हमधून (अडचणीत प्रेशर सोडून चाकं खाली पाडणाऱ्या व्हॉल्व्हमधून), आणि माझ्या मते सगळं प्रेशर काढून टाकून आधी हा व्हॉल्व्हच सुटा करा कारण त्याच्या आतल्या सीटवर बारीकसा कचरा अडकला तरी पुरतो. हायड्रॉलिक तेल ५६०६ (विमानांचं लाल तेल) च, गाडीचं ब्रेक ऑइल चुकूनही नको, ओ-रिंगा फुगून वाट लागते. मग जॅकवरच चाकं वर घेऊन, पंपाचा ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढून डंप व्हॉल्व्ह उघडा, तिन्ही चाकं आपोआप खाली येऊन लॉक झालीच पाहिजेत.