सीझर सायफर लिहिताना या चुका टाळा

सीझर सायफर म्हणजे मजकूर गुप्त करण्याची एक पद्धत. अक्षरं तीन घरं पुढे सरकवायची: ए चा डी, बी चा ई आणि शेवटी झेडचा सी. ज्युलियस सीझर आपल्या खासगी पत्रांत हेच करायचा. याचा प्रोग्राम लिहिण्याचा सराव सोपा दिसतो म्हणून शिकणारे तो घाईने उरकतात आणि त्याच त्या चुका माझ्यासमोर पुन्हा येतात.

बदललेल्या मजकुरावर पुन्हा बदल

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. ए पासून झेडपर्यंत लूप लावायचा, म्हणजे एकेका अक्षराची फेरी करायची, आणि प्रत्येक फेरीत पूर्ण स्ट्रिंगवर, म्हणजे सगळ्या मजकुरावर, रिप्लेस चालवून ते अक्षर बदलायचं. ए चा डी झाला. पुढे डी ची पाळी आली की मुळातले डी आणि नुकतेच झालेले डी, दोन्ही जी होतात. मग त्या जी चा जे, जे चा एम, अशी साखळी चालूच राहते.

एका मुलाने मला असा प्रोग्राम दाखवला होता. चाचणीसाठी त्याने 'एक्सवायझेड' हा शब्द दिला होता, कारण शेवटची अक्षरं वळून पहिल्या अक्षरांवर येतात का, हे बघायचं होतं. उत्तर 'एबीसी' आलं, अगदी बरोबर. मी त्याला एक अख्खा परिच्छेद द्यायला सांगितलं. बाहेर आला तो फक्त ए, बी आणि सी या तीन अक्षरांचा मजकूर. 26 अक्षरं तीन अक्षरांत कोंबली गेली होती, त्यामुळे मूळ मजकूर कोणत्याही किल्लीने (किती घरं सरकवायचं त्या आकड्याने) परत मिळणं शक्यच नव्हतं. साखळीतून सुटणारी अक्षरं तीनच, एक्स, वाय आणि झेड, आणि चाचणी नेमकी त्यांचीच झाली होती.

त्यावर त्याने लूप झेडपासून उलटा फिरवला. बहुतेक शब्द बरोबर यायला लागले. पण आता झेडचा आधी सी आणि मग त्या सी चा एफ होत होता, म्हणजे झेड आणि सी दोघांचंही उत्तर एफ. असल्या ठिगळांवर माझा राग आहे, कारण चूक जात नाही, फक्त कमी वेळा दिसते. मूळ स्ट्रिंगला हात लावू नका. एकेक अक्षर वाचा, त्याचं नवं अक्षर काढा आणि वेगळ्या स्ट्रिंगमध्ये जोडत जा. पायथन भाषेत हेच काम करणारं तयार ट्रान्सलेट आहे हे मला माहीत आहे, पण एकदा हाताने लिहिल्याशिवाय ते वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

बाकी आणि उणे आकडे

गुप्त मजकूर उलगडताना, ए ला शून्य धरून, ए मधून तीन वजा केले की उणे तीन येतात. पायथनमध्ये त्याला 26 ने भागल्यावर बाकी 23 मिळते, म्हणजे एक्स. सी किंवा जावा या भाषांमध्ये बाकी उणे तीनच राहते आणि छापताना भलतंच चिन्ह उमटतं. मी कोणत्याही भाषेत बाकी काढतो, 26 मिळवतो आणि पुन्हा बाकी काढतो.

किल्ली 13 ठेवून चाचणी करू नका. 13 घरं पुढे आणि 13 घरं मागे एकच, त्यामुळे दिशा चुकली असली तरी कळत नाही.

संगणकात मोठ्या (कॅपिटल) ए चा क्रमांक 65, छोट्याचा 97; ए ला शून्य धरायला तो वजा करावा लागतो. दोन्हींतून 97 वजा करणारे रोज भेटतात.

मोकळी जागा आणि विरामचिन्हं सरकवू नका, आहेत तशी उतरवा. विजनेअर सायफरमध्ये किल्ली हा एक शब्द असतो आणि त्याच्या अक्षरांप्रमाणे दर वेळी सरकण्याची घरं बदलतात; तिथे मात्र अशा ठिकाणी किल्ली पुढे न्यायची की नाही हे आधी ठरवा आणि गुप्त करणाऱ्या व उलगडणाऱ्या, दोन्ही फंक्शनमध्ये तोच नियम पाळा.

देवनागरी दिली की

इंग्रजीवर चाललेला प्रोग्राम मराठीवर चालेलच असं गृहीत धरू नका. 'मराठी' ही आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण पायथन लांबी पाच सांगतो, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. शब्द उलटा केला की वेलांटी सुरुवातीला येऊन लोंबकळते. उलटवायच्या आधी प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताने जोडलेलं व्यंजन आपल्या अक्षराला चिकटवून गट पाडा, मग गटांचा क्रम फिरवा.

सरकवतानाही तेच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, न नंतर प येत नाही, मध्ये नुक्ता असलेला ऩ बसलेला आहे. म्हणून क्रमांकात एक मिळवण्यापेक्षा आपल्याला हव्या त्या व्यंजनांची यादी स्वतः लिहावी आणि तिच्यातलं स्थान सरकवावं.

दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसूनही तुलनेत वेगळे निघतात, तेव्हा लोक तासन्‌तास लूप तपासतात. 'दुसऱ्या' मधला ऱ एका क्रमांकाने लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन क्रमांकांनीही. फाइल वाचल्याबरोबर मी सगळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या एकसारख्या रूपात आणतो, ओळींच्या शेवटची न दिसणारी चिन्हं काढतो, आणि मगच पहिली तुलना लिहितो.