डिस्पेन्सरच्या ट्यूबमध्ये बुडबुडे, वेलमध्ये कमी बफर: माझा अनुभव

नागपूरच्या लॅबमध्ये ८ चॅनेलचा पेरिस्टाल्टिक डिस्पेन्सर (रोलरने लवचिक ट्यूब दाबत द्रव पुढे ढकलणारं यंत्र), ३८४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ५० मायक्रोलिटर बफर (pH स्थिर ठेवणारं द्रावण). मे महिना लागला की ट्यूबमध्ये बारीक बुडबुडे आणि मधल्याच काही वेल अर्धवट, दर प्लेटला वेगळ्या. कॅसेट (ट्यूबचा संच) बदलली, कॅलिब्रेशन केलं, नोझल सोनिकेटरमध्ये धुतले, काहीच फरक नाही. लय वैताग आला राजेहो.

गडबड बफरमध्ये होती, थंड पाण्यात हवा जास्त विरघळते आणि फ्रिजमधली बाटली थेट लावली की बफर ट्यूबमध्ये गरम होऊन तीच हवा बाहेर येते.

आता बाटली आदल्या संध्याकाळीच बाहेर काढून ठेवायची. सकाळी मॅग्नेटिक स्टररवर ढवळत व्हॅक्यूम लावून बुडबुडे थांबेपर्यंत डीगॅस करायचं (विरघळलेली हवा काढायची), ट्वीन (फेस करणारा डिटर्जंट) घालायचं असेल तर त्यानंतरच, नाहीतर नुसता फेस. मग हळू स्पीडने प्राइम (ट्यूब बफरने भरून घेणं), आठही ट्यूब स्वच्छ दिसेपर्यंत, आणि पहिले थोडे शॉट (एका वेळी पडणारे डोस) वेस्टमध्ये. शेवटी रिकामी प्लेट वजन करून भरायची आणि लगेच परत वजन, ३८४ गुणिले ५० म्हणजे १९.२ मिली, साध्या पाण्याने १९.२ ग्रॅमच्या आसपास यायला पाहिजे. पण एकूण वजन बरोबर असूनही एखादं चॅनेल कमी टाकू शकतं, म्हणून प्रत्येक नोझलचे ४८ शॉट (३८४ भागिले ८) वेगळ्या ट्यूबमध्ये घ्या, २.४ ग्रॅम.