कूलंट उतरतंय, ऑइल बिघडलंय? गॅरेजला जायच्या आधी या चुका टाळा

टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं लिक्विड) मिनिममच्या खाली गेलं की बरेच जण काय करतात, नळाचं पाणी ओततात आणि विसरून जातात, दोन आठवड्यांनी परत तेच. वर्षभरात थोडंफार उतरलं तर समजू शकतो, पण महिन्याला भरावं लागतंय म्हणजे ते कुठूनतरी जातंय ना! थंड इंजिनवर टाकीवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी बघा, म्हणजे किती वेगाने जातंय ते तरी कळेल.

आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, कितीही घाई असली तरी. आत प्रेशर असतं, झाकण सैल झालं की उकळतं कूलंट सरळ तोंडावर येतं.

खाली डाग नाही म्हणून लीक नाही असं धरू नका. गरम इंजिनवर थेंब पडायच्या आधीच सुकतो, मागे राहतो तो पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा खार. क्लॅम्पपाशी, वॉटर पंपाच्या खालच्या भोकापाशी, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या जोडावर बघा. पुढच्या सीटच्या पायाशी मॅट ओली, गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, लीक आहे. तरी सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट (पंपाने कूलंटच्या सिस्टिममध्ये हवा भरून) करून घ्या, कूलंटच्या कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्यायचं आणि सुई उतरते का बघायचं. कॅपपण तपासून घ्या, सगळ्यात स्वस्त पार्ट आणि तोच सगळे विसरतात.

आता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. ते फुटलं की कूलंट, ऑइल आणि सिलेंडरचा गॅस एकमेकांत मिसळू शकतात. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसला की लगेच हेड उतरवायला काढतात, हे मला अजिबात पटत नाही. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की इंजिन नीट तापत नाही, आतलं बाष्प झाकणाला धरतं आणि फेस होतो. आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर झाकण पुसा, गाडी लांब पळवून आणा, परत बघा. डिपस्टिकवरच दुधाळ असेल तर मात्र गाडी चालू करू नका, टो करा, ते ऑइल बेअरिंगची वाट लावतं.

गॅस्केटची खरी शंका कधी? थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप कडक होतो, टाकीत बुडबुडे थांबत नाहीत, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहतो. तेव्हा ब्लॉक टेस्ट करा, म्हणजे कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या लिक्विडमधून ओढून बघायची, ते लिक्विड पिवळं पडलं तर सिलेंडरचा गॅस कूलंटमध्ये येतोय. उलट टाकीत ऑइलचा तवंग आहे पण डिपस्टिक स्वच्छ, तर आधी ऑइल कूलर तपासा, तिथे कूलंटने ऑइल थंड होतं. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर सहसा कूलंटपेक्षा जास्त असतं, म्हणून ते तिकडे घुसतं.

डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून 5-10 मिनिटांनी. लेव्हल वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, कूलंट किंवा डिझेल मिसळतंय, डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) डिझेल गाड्यांत अर्धवट रीजनरेशनमुळे, म्हणजे ती काजळी जाळायचं काम मध्येच थांबल्यामुळे, डिझेल मिसळतं. लाल ऑइल लॅम्प म्हणजे प्रेशर गेलं, "घरी जाऊन बघू" नाही, तिथेच बंद करा.

लीक बंद करणारी पावडर शक्यतो टाळा, हीटर कोअरच्या बारीक नळ्यापण तीच बंद करते. काम झाल्यावर कूलंटमध्ये अडकलेली एअर काढायला सांगा, नाहीतर एअर लॉकने गाडी तापेल आणि दोष नव्या पार्टवर जाईल.