मटेरिअल ठरवताना: अंबडमधल्या डिझाइनच्या कामातून

डिप्लोमा किंवा बी.ई. करून नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत डिझाइनला लागलेली मुलं लवकरच विचारतात, ‘सर, मटेरिअल कुठलं टाकू?’ मी आधी उलट विचारतो: पार्ट कुठे बसणार, त्यावर काय सांडणार, आणि तुटला तर कसा तुटेल? हे कागदावर उतरलं की निम्मी यादी आपोआप गळते.

आमचं काम द्राक्षबागेच्या फवारणी यंत्रांचं. दिंडोरी-निफाडकडे केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदाचं पाणी उघड्या लोखंडाला लागलं की लोखंड झिजतं आणि त्यावर तांब्याचा लालसर थर बसतो. अ‍ॅल्युमिनिअमला तर खड्डेच पडतात. एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) फ्रेमला पावडर कोटिंग चालतं, पण ते आधी सुटतं वेल्डच्या कडेला आणि धारदार कोपऱ्यांवर. म्हणून वेल्ड घासून घ्या, कोपरे गोल करा. द्रावण सतत लागतं तिथे एचडीपीई प्लास्टिक, पितळ किंवा एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड) वापरा.

सीलकडे नवी मुलं बघतच नाहीत, आणि गळती नेमकी तिथूनच सुरू होते. ईसी (इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट, पाण्यात मिसळून मारायचं) प्रकारच्या औषधांत सॉल्व्हंट असतो, त्याने ईपीडीएम रबर फुगतं. तिथे व्हिटॉन रबर परवडतं, महाग असूनही. तसंच नायलॉनच्या बुशचं (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी). नायलॉन पाणी शोषून फुगतो आणि बेताचा क्लिअरन्स (मधली मोकळी जागा) ठेवला असेल तर शाफ्ट जाम होतो. ओल्या जागी डेल्रिन (अॅसिटल प्लास्टिक) घ्या.

आता सगळ्यात जास्त वेळा दिसणारी गोष्ट. ब्रॅकेट लोड आला की झुकतो, सोडला की पुन्हा सरळ होतो. लगेच ड्रॉइंगवर एमएस खोडून ईएन २४ (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) लिहिलं जातं. किंमत वाढते, मशीनिंग जड जातं, वेल्डिंगला आधी तापवून घ्यावं लागतं, आणि ब्रॅकेट तेवढाच झुकतो! कारण पोलादाचा ग्रेड बदला किंवा हीट ट्रीटमेंट करा, इलॅस्टिक मॉड्युलस (लोडखाली मटेरिअल किती लवतं त्याचं माप) साधारण २०० गिगापास्कलच राहतो. ग्रेडने वाढते ती ताकद, ताठपणा नाही. तो आकारातून येतो. लोडच्या दिशेने आयताकृती पट्टीची उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. पट्टी उभी करा, रिब द्या, चौकोनी ट्यूब वापरा. अ‍ॅल्युमिनिअमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण मॉड्युलसही सुमारे ७०, म्हणजे तोही जवळपास एक तृतीयांशच. त्यामुळे त्याच मापात नुसतं मटेरिअल बदलून हलकं करायला गेलात तर पार्ट तिप्पट वाकेल.

हा हिशेब झाला की बाजारात जा, खरंच जा. स्टील डीलरकडे कोणता साइज रोज मिळतो ते विचारा. ४२ मिलिमीटरचा बार हवा आणि मिळतो ४५चा, तर ड्रॉइंगच ४५च्या बारमधून निघेल असं बांधा. टर्नरशीही बोला. एसएस ३०४वर टूल न कापता नुसतं घासत राहिलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट आणखी अवघड जातो, हे पुस्तकापेक्षा त्याच्या तोंडून नीट समजतं. ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) हार्डन करणार असाल तर ग्राइंडिंगसाठी थोडा जादा माल ठेवा, हीट ट्रीटमेंटनंतर शाफ्ट थोडा वाकतोच.

आणि ड्रॉइंगवर नुसतं ‘एसएस’ लिहू नका. तुम्ही ३०४ मनात धराल, हातात २०२ येईल. २०२मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, गंजही लवकर धरतो. लोहचुंबक लावून भागत नाही. २०२लाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि वाकवलेल्या किंवा दाबलेल्या ३०४ला थोडा चिकटतो. ग्रेड पूर्ण लिहा, टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या बॅचचा नंबर) मालावर मारलेल्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. शंका आली तर कटपीस लॅबला पाठवा, माल कटिंगला जाण्याआधी.